व्यक्तिमत्त्वाची घडण : बालपण ते प्रौढत्व



'मी कोण?' हा प्रश्न आपल्या परंपरेने अध्यात्माच्या अंगाने विचारला. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी तो वाढत्या वयाच्या अंगाने विचारला. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या 'चाइल्डहुड अँड सोसायटी' या ग्रंथात त्यांनी मानवी आयुष्याचे आठ टप्पे मांडले. तान्हेपणी मूल विश्वास टाकायला शिकते, किशोरवयात स्वतःची ओळख शोधते आणि प्रौढपणी माणूस पुढच्या पिढीची काळजी वाहू लागतो. ओळख तारुण्यातच पूर्ण होते असे आपण धरून चालतो. पण व्यक्तिमत्त्वाचा कस प्रौढत्वातच लागतो.

याचे उदाहरण आपल्या वडोदऱ्याच्याच इतिहासात आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली एका शेतकरी कुटुंबात गोपाळरावांचा जन्म झाला. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि वयाच्या बाराव्या वर्षी ते सयाजीराव झाले. घर, गाव आणि नाव एकदमच पालटले. तोवर शाळेचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते. पुढे इलियट यांच्यासारख्या शिक्षकांच्या हाताखाली त्यांनी मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या भाषा आत्मसात केल्या. १८८१च्या डिसेंबरात राज्याधिकार हाती आले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

नाव दरबाराने दिले. व्यक्तिमत्त्व मात्र त्यांना स्वतःच घडवावे लागले. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो राज्यभर लागू केला. १९१० साली अमेरिकेहून बोर्डेन या ग्रंथपालांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. खेडोपाडी पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली. बालपणी ज्याला अक्षर उशिरा भेटले, त्याने ते इतरांच्या दारी वेळेवर पोचविले. सयाजीरावांमधला गोपाळ पुसला गेला नव्हता, असे मला यातून जाणवते.

आज आपली मुले घरी मराठी, अंगणात गुजराती आणि शाळेत इंग्रजी बोलतात. 'हा पुढे मराठी राहील ना?' असे पालक काळजीने विचारतात. माझे नम्र मत असे, की अनेक भाषांमुळे मुलाची ओळख दुभंगत नाही. घरच्या भाषेची लाज वाटू लागली, म्हणजे ती दुभंगते; आणि ही लाज मूल बहुधा मोठ्यांकडूनच उचलते. पाहुण्यांसमोर नातवाला मराठीत बोलताना आपण अडवतो, तेव्हा त्याच्या विश्वासालाच धक्का लागतो.

म्हणून येथे जमलेल्या आजी-आजोबांना एक विनंती आहे. महिन्यातून एकदा नातवंडांचे बोट धरून त्यांना या कपाटांपुढे आणावे आणि पुस्तक त्यांचे त्यांनाच निवडू द्यावे. आपल्या आधीच्या पिढ्यांनी वर्गणी भरून ही कपाटे आपल्यासाठी राखली. त्यांची ओळख आपल्यापर्यंत पोचली ती अशी. आता पाळी आपली आहे.