शान आणि मेंढपाळ



मी प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. कामगार चळवळीतला माणूस. लडाखमधल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानाची हकिकत मी त्याच नजरेने सांगणार.

१९८१ साली स्थापन झालेले हे उद्यान म्हणजे थंड वाळवंट. पावसाचे ढग हिमालयच अडवतो, म्हणून डोंगर उघडेबोडके. लेहहून निघून सुमारे ४००० मीटर उंचीवरच्या रुंबक गावी पोचलो, तो दहा पावलांत धाप लागली. समोरच्या कड्यावर भरल, म्हणजे निळसर राखी रानमेंढ्या, खुशाल चरत होत्या. त्यांची शिकार करणारा हिमबिबट्या, तिकडचा 'शान', काही दिसला नाही. बर्फात त्याचा माग तेवढा पाहिला.

हा शान रात्री बिनछपराच्या गोठ्यात उतरला की एका दमात कित्येक मेंढ्या मारतो. मेंढपाळ उघडा पडतो. मग सुडाने शानच मारला जाई. प्राणी जगावा असे म्हणायचे आपण आणि किंमत मोजायची त्याने, हा कुठला न्याय?

त्यावर तोड निघाली. गोठ्यांवर जाळी आली, घरोघरी पाहुणे उतरू लागले. पाहुणे पाळीपाळीने वाटून घेतात. पैसा घरच्या बायकांच्या हाती येतो. ही रीत पाहून माझ्यातला कामगार सुखावला.

२०२४ साली जाहीर झालेल्या गणनेत देशात ७१८ हिमबिबटे भरले. पैकी ४७७ लडाखात. कायदा हवाच. पण डोंगरात रात्रीचा पहारा मेंढपाळाचाच असतो. त्याची भाकर शाबूत राहिली, तरच शान राहील.