केसपेपर कोणाचा?

(वार्षिक मेळाव्यात विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर केलेले भाषण)



वर्षभरातील शस्त्रक्रिया, शिबिरे व जमाखर्च यांचा तपशील या अहवालात अन्यत्र आपण पाहालच. त्याची पुनरुक्ती न करता आम्ही आज एका अगदी साध्या वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे केसपेपर. आपल्या रुग्णालयाच्या तळमजल्यावरील अभिलेख कक्षात जुन्या केसपेपरचे गठ्ठे कापडात बांधून ठेवलेले आहेत. त्या कक्षाची जागा डायलिसिस विभागाच्या विस्तारासाठी हवी आहे, आणि ही मागणी सर्वस्वी रास्त आहे. आठवड्यातून दोनदा-तीनदा कन्नड, वैजापूर, सिल्लोडहून एस.टी.ने येणाऱ्या रुग्णांना आपली पाळी येईपर्यंत व्हरांड्यात थांबावे लागते, हे येथील पुष्कळांनी पाहिले आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमावलीप्रमाणे आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपणे बंधनकारक आहे. पोलीस वा न्यायालयीन प्रकरणांचे कागद सोडले, तर त्यापुढचे गठ्ठे काढून टाकण्यास या नियमावलीची आडकाठी नाही. एका ज्येष्ठ देणगीदारांनी मोकळेपणाने विचारले, "आम्ही पैसा देतो तो रुग्णांसाठी. रद्दी सांभाळण्यासाठी का खर्च करायचा?"

प्रश्न सरळ आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला प्रथम आपल्याच मराठवाड्यातील एका डॉक्टरांची आठवण झाली.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला १९८१ साली. त्यांच्या लहानपणी तो सारा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत असे. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन १९७६ च्या सुमारास ते कोकणात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या भागात लाल विंचवाचा दंश म्हणजे साक्षात मृत्यू अशी समजूत होती, आणि ती निराधार नव्हती. दंशानंतर रुग्णाला दरदरून घाम फुटे, उलट्या होत, हातपाय गार पडत. काही तासांतच फुफ्फुसांत पाणी भरून रक्तमिश्रित फेस येई आणि धडधाकट माणूस किंवा खेळते मूल हातचे जाई. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत मात्र विंचूदंश हा वेदनेचा विषय म्हणून दोन ओळींत आटोपलेला असे.

डॉ. बावस्करांजवळ प्रयोगशाळा नव्हती, अतिदक्षता विभाग नव्हता. ते रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसून नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचे तापमान यांची वेळेनुसार नोंद करीत राहिले. या नोंदी एकाखाली एक मांडल्यावर दिसू लागले की विष शरीरातील विशिष्ट चेतातंतूंना बेफाम उत्तेजित करते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो आणि अखेरीस हृदय थकते. मग ज्या औषधाने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात ते औषध का देऊ नये? प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यांनी वापरली. १९८६ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. दंशानंतर गंभीर अवस्थेत येणाऱ्या शंभर रुग्णांपैकी पूर्वी ३० ते ४० दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण शेकडा १ च्या आसपास आले. पुढे २०११ साली बावस्कर पती-पत्नींनी महाड येथे ७० रुग्णांवर केलेली तुलनात्मक चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापली गेली. नुसत्या प्राझोसिनवर ठेवलेल्या ३५ रुग्णांपैकी ८ जण १० तासांत पूर्ण बरे झाले. जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिलेल्या ३५ पैकी ३२ जण तेवढ्याच वेळात बरे झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे आपण वृत्तपत्रांतून वाचले असेल.

या सगळ्या कामाचे भांडवल काय होते? रुग्ण, घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि केसपेपर. बिरवाडीच्या नोंदी कोणी दर तीन वर्षांनी जाळल्या असत्या तर काय झाले असते, याचा विचार मनाला चाटून जातो.

नोंदींचा दुसरा उपयोग न्यायाच्या कामी होतो, आणि त्याचे फार बोलके उदाहरण आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. सरकारने वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञास पाचारण केले. त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी पुढे आले त्यांना टोचून, न टोचलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना केली. पुढे २ आठवड्यांतच, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग कायदा संमत झाला. घरांच्या झडत्या व सक्तीचे स्थलांतर यांना त्या कायद्याने बळ दिले आणि त्यातून पुण्यात केवढा क्षोभ उसळला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. २०२० मध्ये कोविडच्या काळात महाराष्ट्र शासनाने आधार घेतला तो याच कायद्याचा. कायद्याचे आणि वैद्यकाचे इतिहासकार त्या वर्षाकडे आज पुन्हा वळत आहेत, त्याचे हेही एक कारण असावे.

पण आम्हांला सांगायचे आहे ते त्यापुढचे. पंजाबातील मुल्कोवाल गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी हाफकिनची लस १०७ जणांना टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशी झाली, मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठपका आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. मात्र कोणत्या माणसाला कोणत्या बाटलीतील लस दिली, याची नोंद शिल्लक होती. त्या दिवशी ५ बाटल्या वापरल्या गेल्या होत्या आणि मृत पावलेले सारेच्या सारे ५३-एन या एकाच बाटलीतून टोचलेले होते. ती बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला, हेही साक्षीत आले होते. प्रयोगशाळेतच जंतू शिरले असते, तर इतक्या दिवसांनी बाटलीला दुर्गंध आला असता. तसा तो आला नव्हता. हे सर्व कागद पुन्हा तपासून रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ साली आवाज उठविला आणि हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचेच नाव देण्यात आले. वर ज्या विंचवाच्या प्रतिविषाचा उल्लेख केला, ते हाफकिनच्या नावे चालणाऱ्या संस्थेतच बनते.

नोंद होती म्हणून निर्दोष माणूस सुटला. ती नसती, तर खरे कारणही कळले नसते आणि कदाचित पुढल्या गावी तोच चिमटा पुन्हा जमिनीवर पडला असता.

नोंदच नसेल तर काय होते, याचा दाखला सर्पदंशाने दिला आहे. भारतात सर्पदंशाने दरवर्षी किती माणसे मरतात, या प्रश्नाला फार काळ ठाम उत्तर नव्हते. रुग्णालयांच्या आकड्यांवरून ती संख्या अगदीच किरकोळ वाटे. भारताच्या महानिबंधकांच्या सहकार्याने चाललेल्या एका मोठ्या पाहणीत निवडक गावांत घरोघर जाऊन, माणूस कसा गेला हे कुटुंबीयांकडून लिहून घेण्यात आले आणि प्रत्येक टिपण दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासले. २०११ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वर्षाला सुमारे ४५,९०० मृत्यू, त्यांतील शेकडा ९७ ग्रामीण भागात आणि शेकडा ७७ रुग्णालयाबाहेर. २०२० च्या पुढील अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू असा अंदाज दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले आणि केंद्र शासनाने २०२४ मध्ये २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. मृगात रानात राबणारा आपल्याकडचा शेतमजूर या आकड्यांत आहे. ज्यांच्या मृत्यूचा कागद कोठेच नव्हता, त्यांच्यासाठी प्रतिविष किती लागेल आणि कोणत्या आरोग्य केंद्रात ठेवावे लागेल, हे ठरविणार तरी कसे?

येथवर आम्ही डॉक्टरांच्या बाजूने बोललो. रुग्णाच्या नातेवाइकांनी मात्र वेगळा प्रश्न विचारावा आणि तो ते विचारतातही: "आमचा कागद तुम्ही कोणाला दाखवता?"

या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनी टप्प्याटप्प्याने दिलेले आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. जेथे काही रुग्णांकडून शुल्क घेतले जाते व काहींवर मोफत उपचार होतात, तेथे मोफत उपचार घेणारा रुग्णही या कायद्याचा हक्कदार आहे, असा त्या निकालाचा आशय होता. धर्मादाय रुग्णालयांनी हे वाक्य विसरू नये. दानाच्या खाटेवरील रुग्ण उपकाराखाली दबलेला आहे, असे मानण्याची सोय त्या दिवशी संपली. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की रुग्णाने वा त्याच्या निकटच्या नातेवाइकांनी मागितल्यास केसपेपरच्या प्रती नाकारता येणार नाहीत. गोपनीयतेची सबब रुग्णाविरुद्ध वापरता येत नाही. २००२ च्या नियमावलीने त्यासाठी ७२ तासांची मुदत घालून दिली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संमती ही त्या विशिष्ट उपचारापुरती आणि माहिती देऊन घेतलेली असली पाहिजे. तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी चालणार नाही. औषधचाचण्यांसाठी २०१९ चे स्वतंत्र नियम आले आणि २०२३ साली संसदेने डिजिटल स्वरूपातील व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला.

या निकालांचा अर्थ आम्ही असा लावतो की केसपेपर जपण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे, पण त्यातील माणूस रुग्णालयाच्या मालकीचा नाही. कागद आमच्या कपाटात आहे म्हणून त्यातील नाव, गाव, जात, आजार आम्ही वाटेल त्यास दाखवावे, असा त्याचा अर्थ होत नाही. संशोधनाच्या उत्साहात हे भान सुटू शकते. म्हणूनच अभ्यासासाठी नोंदी देताना नाव व पत्ता काढून टाकला जाईल, आचारसंहिता समितीची परवानगी घेतली जाईल आणि दाखल होतानाच रुग्णास मराठीत किंवा त्याच्या भाषेत विचारले जाईल. जो नाही म्हणेल त्याच्या उपचारात तसूभरही फरक पडणार नाही. अंगठा उठविण्यापूर्वी मजकूर वाचून दाखविला जाईल. "येथे सही करा" एवढेच सांगून फॉर्म पुढे सरकविला जाणार नाही.

आणखी एक गोष्ट विश्वस्तांच्या कानी घालतो. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी शेकडा १० खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व शेकडा १० दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या आहेत आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आहे. हा निधी कोणावर आणि कशासाठी खर्च झाला, हे देणगीदाराने विचारले, तर दाखवायचे काय? पुन्हा केसपेपरच.

इतिहासकारांचा एक शब्द. डॉ. मृदुला रमण्णा यांनी १८४५ ते १८९५ या काळातील मुंबईच्या वैद्यक व सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास २००२ साली ग्रंथरूपाने मांडला. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयापासून त्या काळचे दाते, डॉक्टर आणि रुग्ण आज आपल्याला दिसतात, ते जुने अहवाल कोणीतरी जपले म्हणून. त्या मानाने मराठवाड्याच्या आरोग्याचा इतिहास फारच थोडा लिहिला गेला आहे. आपल्या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली 'घाटी', १९५६ साली सुरू झाली. त्याआधीच्या निजामी अमदानीतील दवाखान्यांबद्दल सामान्य वाचकाच्या हाती काय आहे? १९७२ च्या दुष्काळात येथील मुलांची वजने किती घटली, हे आज कोणी विचारले, तर त्याला घरोघरच्या आठवणींवरच भिस्त ठेवावी लागेल.

तेव्हा आमचा प्रस्ताव असा. डायलिसिस विभागाला ती जागा द्यावी. त्यात विलंब नको. मुदतीबाहेरचे सर्व कागद जपण्याचा आमचा आग्रह नाही, तेवढी ऐपतही नाही. सर्पदंश व विंचूदंश, विषबाधा, बाळंतपणे व नवजात अर्भके, क्षयरोग आणि मूत्रपिंडाचे विकार या पाच प्रकारचे केसपेपर वेगळे काढून त्यांच्या संगणकीय प्रतिमा कराव्यात आणि मूळ कागद दुसऱ्या मजल्यावरील कोरड्या खोलीत लोखंडी मांडण्यांवर ठेवावेत. उरलेले गठ्ठे देखरेखीखाली लगदा करून नष्ट करावेत; रद्दीवाल्याकडे ते कदापि जाऊ नयेत, कारण भज्यांच्या पुडीवर कोणाच्या आईचा आजार छापलेला निघू नये. या कामासाठी दोन प्रशिक्षित कर्मचारी, एक स्कॅनर आणि मांडण्या लागतील. त्याचा अंदाजित खर्च विश्वस्त मंडळासमोर स्वतंत्रपणे ठेवला आहे, आणि निर्धन रुग्ण निधीतील एक रुपयाही त्यासाठी वापरला जाणार नाही.

छाननीचे काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण करण्याचा विचार आहे. त्यापूर्वी ज्या कुटुंबांना आपल्या रुग्णाच्या जुन्या केसपेपरची प्रत हवी असेल, त्यांनी नोंदणी खिडकीवर साध्या कागदावर अर्ज द्यावा. सोबत रुग्णाचे नाव, दाखल झाल्याचे वर्ष आणि आठवत असल्यास वॉर्ड एवढे लिहिले तरी पुरे. नोंदणी क्रमांक हरवला असेल तर आमचे कर्मचारी शोधून देतील.