रानासाठी एक भिंग

झाशी शहराच्या जुन्या तटाला दहा दरवाजे. त्यांतल्या लक्ष्मी गेटच्या आत मी भाड्याच्या घरात राहतो. गेटाबाहेर पडले की लक्ष्मी तलाव लागतो. काठावर महालक्ष्मीचे देऊळ आणि जवळच, १८५३ साली निवर्तलेल्या गंगाधररावांची छत्री. मराठी माणूस झाशीला येतो तो ह्या वास्तू पाहण्यासाठी, आणि त्या पाहून गहिवरतो. बदली होऊन आलो तेव्हा मीही पहिल्या रविवारी रीतसर गहिवरून आलो. दुसऱ्या रविवारी मात्र सतरा-अठरा किलोमीटरांवरच्या ओरछ्याला गेलो, बेतवेचा पूल ओलांडला आणि पलीकडच्या रानात शिरलो. तेव्हापासून माझे बहुतेक रविवार त्या रानाच्या नावे चढले आहेत.

बेतवा आणि जामनी ह्या दोन नद्यांच्या मधले हे रान १९९४ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. विस्तार सुमारे ४५ चौरस किलोमीटर, म्हणजे अभयारण्यांच्या हिशेबात लहानच. साग, पळस, खैर, करधई अशी कोरड्या मुलखातली झाडी. वाघ पाहायला येथे कोणी येत नाही. नीलगाय, चितळ, वानरे, मोर आणि पक्षी, एवढीच काय ती येथील संपत्ती. परवाना घेऊन पायी हिंडता येते, हे मला त्याहून मोठे वाटते. ह्या रानात छायाचित्रे काढण्यासाठी मी एक लांब पल्ल्याचे, हाताने जुळवायचे भिंग निवडले. त्या निवडीची हकिगत आज सांगणार आहे.

तिची सुरुवात एका अपराधापासून होते. पहिल्या वर्षी माझ्या कॅमेऱ्याला १३५ मिलिमीटरचे भिंग होते. जून महिन्यात एका नाल्याच्या काठी स्वर्गीय नर्तकाचे घरटे सापडले. हा पक्षी आपण पाहिला असेल: नर पांढराशुभ्र, मस्तक काळे, आणि शेपटीची दोन पिसे फूटभर लांब, वाऱ्यावर सोडलेल्या फितीसारखी. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेले ते घरटे वाटीएवढे होते. नर आणि मादी पाळीपाळीने अंडी उबवीत होती. भिंग आखूड, म्हणून मी जवळ गेलो. चित्रात पक्षी लहान दिसतो, म्हणून आणखी जवळ गेलो. एक डहाळी आड येत होती, ती वाकवून बाजूला बांधली. पुढच्या रविवारी गेलो तर घरटे रिकामे होते. त्या डहाळीने घरट्यावर सावली धरली होती आणि कावळ्याच्या नजरेपासून आडोसाही केला होता, हे मला तेथे उभा राहिल्यावर उमगले. माझ्याजवळ चार चित्रे होती. ती मी अजून कोणाला दाखविलेली नाहीत.

त्या दिवशी दोन गोष्टी ठरविल्या. घरट्याचे चित्र पुन्हा काढायचे नाही, ही एक. आणि दुसरी, पक्ष्याला माझी दखल घ्यावी लागणार नाही इतक्या अंतरावरून चित्र घेता येईल असे भिंग मिळवायचे.

वीस वर्षे सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाला खरेदी म्हटली की तुलनात्मक तक्ता सुचतो. मीही तक्ता आखला. पण कचेरीतल्या तक्त्यांचा एक दोष मला ठाऊक आहे: गरज न मोजताच ते भाव मोजू लागतात. म्हणून थंडीचे दोन महिने मी काही विकत न घेता केवळ नोंदी केल्या. प्राणी दिसला की त्याच्यापर्यंत किती पावले असतील ह्याचा अंदाज घ्यायचा, तो निघून गेल्यावर चालून पडताळायचा, आणि तेथे किती उजेड आहे हे कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाकडून लिहून घ्यायचे. वहीने जे सांगितले त्याचे मला नवल वाटले. माळावर नीलगाय शंभर पावलांवर उभी असते खरी; पण झाडीत शंभर पावलांपर्यंत नजर पोहोचतच नाही. मध्ये खोडे, वेली, पानोळा. रानात जे नीट दिसते ते बहुधा दहा ते वीस पावलांच्या आत दिसते. त्यापलीकडे भिंग कितीही लांब असो, चित्र फांद्यांचेच यायचे.

येथे थोडे गणित सांगतो. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या, किंवा आजच्या त्याच मापाच्या कॅमेऱ्याला, ३०० मिलिमीटरचे भिंग लावले तर दहा मीटरांवर, म्हणजे तेरा-चौदा पावलांवर, सव्वा मीटर रुंदीचा देखावा चौकटीत मावतो. ४०० चे लावले तर नव्वद सेंटिमीटर, ५०० चे लावले तर बहात्तर. लांब शेपटीच्या पक्ष्याला, बसलेल्या वानराला किंवा चितळाच्या मान-मस्तकाला ह्यांतले पहिले माप पुरून उरते. कॅमेऱ्याची चौकट लहान जातीची असेल तर ३०० चे भिंग साडेचारशेसारखे काम देते, तेव्हा तर प्रश्नच मिटतो.

राजा दीनदयाळ १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ह्या बुंदेलखंडात येऊन गेले. त्यांनी काचेच्या पाट्यांवर घेतलेली राजवाड्यांची चित्रे आजही पाहावीत अशी आहेत. पण राजवाडा जागचा हलत नाही. पुढे ह्याच संयुक्त प्रांतात वनखात्यातले एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाश पडायचा आणि वाघ स्वतःचे चित्र स्वतःच काढून घ्यायचा. त्यांचे पुस्तक १९२७ साली निघाले. छायाचित्रकार तेथे नसतोच, ही अंतर राखण्याची सर्वांत सभ्य रीत होय. परंतु नाल्याकाठच्या पक्ष्यासाठी तार ताणता येत नाही. आपल्याला तेथे असावेच लागते.

लांबीचा प्रश्न असा सुटला, आणि उजेडाचा उभा राहिला. एका स्नेह्याने त्याचे ५०० मिलिमीटरचे आरशाचे भिंग वापरायला दिले. हा प्रकार मोठा मोहक. आत आरसे बसवून प्रकाश दुमडलेला, त्यामुळे लांबी वीतभर, वजन हलके. मी ते घेऊन अधीरतेने रानात गेलो आणि हिरमुसून परतलो. त्याचे छिद्र एफ ८ वर कायमचे बांधलेले असते. एफ ४.५ च्या भिंगापेक्षा ते तिप्पट कमी प्रकाश घेते. सागाच्या सावलीत सकाळी आठ वाजता जेथे साडेचारच्या छिद्राला सेकंदाचा चारशेवा भाग मिळतो, तेथे आठला मिळतो सव्वाशेवा. आणि ५०० चे भिंग हातात धरायचे तर निदान पाचशेवा हवा, असा जुना ठोकताळा आहे. दुसरा दोष केवळ रानातच कळतो. पानांच्या फटींतून आलेले उजेडाचे कवडसे ह्या भिंगात मागे वर्तुळाकार उमटतात, मधोमध पोकळ. मोकळ्या पाण्यावरचे बदक टिपताना ते जाणवणार नाही. झाडीत मात्र माझा टकाचोर कासाराच्या दुकानात बसल्यासारखा दिसत होता, मागे सगळ्या बांगड्याच बांगड्या!

मग मोठ्या छिद्राकडे वळावे, तर वजन आडवे येते. ४०० मिलिमीटरचे एफ ३.५ चे एक निक्कॉर भिंग आहे. त्यातून दिसणारे रान पाहून मन हरखते, पण ते पावणेतीन किलोंहून जड. पायी हिंडणाऱ्या चाळिशीतल्या गृहस्थाने त्याच्या वाटेस जाऊ नये. त्याचेच एफ ५.६ चे भावंड सव्वा किलोच्या आत आहे. पण चार मीटरांच्या अलीकडचे त्याला जुळविता येत नाही. रशियन ताईर, ३०० मिलिमीटर एफ ४.५, बंदुकीच्या दस्त्यावर बसविलेले मी हाताळले. काच चांगली, किंमत हलकी. पण अभयारण्याच्या फाटकावर बंदुकीसारखी वस्तू खांद्याला लावून उभे राहणे माझ्या नोकरीला परवडण्यासारखे नव्हते.

आपण विचाराल, आज स्वयंचलित भिंगे असताना हाताने जुळविण्याचा हट्ट कशाला? पहिले कारण पैशाचे, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. दुसरे कारण झाडीचे आहे. स्वयंचलित भिंग पुष्कळदा जवळच्या काडीलाच पक्षी समजते आणि तेथेच अडकून पडते. अलीकडच्या कॅमेऱ्यांना पक्ष्याचा डोळा ओळखता येतो हे खरे. पण त्यांच्या किमती ऐकून आपलेच डोळे विस्फारतात. हाताने जुळविताना काडीच्या पलीकडे पाहण्याचा निर्णय आपला असतो. शिवाय आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांना एक मधली नळी लावली की जवळजवळ कोणतेही जुने भिंग बसते, आणि पडद्यावर चित्राचा तुकडा मोठा करून डोळा स्पष्ट आहे की नाही हे पाहता येते. जुन्या कॅमेऱ्यात अंधुक भिंग लावले की मधले दुभंगलेले वर्तुळ अर्धे काळे पडायचे. ती पीडा गेली.

शेवटी मी ३०० मिलिमीटर, एफ ४.५ चे जुने निक्कॉर घेतले, विशेष काचेचे आणि आतल्या आत जुळणारे. वजन किलोभर. अडीच मीटरांपर्यंत जवळचे जुळते, आणि वलय एका बोटाने फिरते. हे शेवटचे मी दुकानात सर्वांत आधी तपासले. कारण लांब भिंगाचे वलय जड असेल, तर पक्षी मान वळवून उडून जातो तरी आपण वळवतच असतो. विशेष काचेचा लाभ फांदी आणि आकाश जेथे भेटतात तेथे दिसतो. साध्या लांब भिंगात त्या कडेला जांभळी किनार येते, ह्यात फारशी येत नाही. मात्र ही काच उन्हाने थोडी बदलते. म्हणून त्याचे वलय अनंताच्या खुणेपलीकडेही थोडे फिरते. झाशीचा पारा मे महिन्यात पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा खुणेवर विसंबून चालत नाही. नजरेने पाहूनच जुळवावे लागते. त्या दिवसांत नऊनंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली की दूरचे चित्र कोणत्याच भिंगाने निघत नाही. घरी येऊन थंड पाणी प्यावे.

जुने भिंग घेताना त्यात विजेरीचा झोत टाकून आरपार पाहावे. पावसाळ्यातल्या दमटपणाने काचेवर बुरशीचे कोळिष्टक धरलेले असते, ते विक्रेता आपणहून सांगत नाही. मला एकाने असेच एक 'अगदी नवे' भिंग दाखविले होते. त्यात मला एक अख्खे अरण्य दिसले. आणखी एक सूचना. निक्कॉरची वलये इतर बऱ्याच भिंगांच्या उलट दिशेने फिरतात. दोन जातींची भिंगे एकत्र बाळगणाऱ्याचा हात ऐन वेळी चुकतो. एकाच जातीशी निष्ठा ठेवणे बरे.

तिवई मी नेत नाही. झाडीत तिचे तीन पाय तीन ठिकाणी अडकतात. जाड कापडाची एक पिशवी शिवून घेतली आहे. तिच्यात ओरछ्याच्या बाजारातून शेर-दोन शेर हरभरे भरतो, खडकावर ठेवतो आणि तिच्यावर भिंग टेकवतो. परतताना हरभरे घरी येतात. सौभाग्यवतींना माझ्या छंदातला हा एवढा भाग पसंत आहे.

गेल्या जूनमध्ये त्याच नाल्याच्या वरच्या अंगाला, घरट्यांपासून दूर, एक झिरपा सापडला. उन्हे चढल्यावर पाखरे तेथे पाण्याला येतात. हरभऱ्यांची पिशवी टेकवून मी चौदा पावलांवर बसलो. दीड तास टकाचोर आणि बुलबुल येऊन गेले. मग तो पांढरा नर आला. पाण्यावर झेप घेऊन तो पुन्हा फांदीवर यायचा, पिसे झटकायचा, पुन्हा झेपावायचा. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. अकरा चित्रे घेतली, त्यांतली दोन बरी आली. एकीत डोळा इतका स्पष्ट आहे की त्याभोवतीचे निळे कडे मोजून घ्यावे.

रात्री ते चित्र घरात दाखविले. सौभाग्यवतींनी चष्मा लावून पाहिले आणि विचारले, "शेपटीचे टोक असे पुसट का?"

मी समजावून सांगितले की एफ ४.५ ला, दहा मीटरांवर, ह्या भिंगाची स्पष्टतेची खोली फूटभरच असते. पक्षी आपल्याला पाठमोरा तिरपा बसला की डोळ्यापासून मागच्या बाजूस तिचा अर्धाच वाटा उरतो, आणि शेपटी फूटभर लांब.

"दूर गेले की ती वाढते का?"

"वाढते."

"मग दोन पावले मागे सरायचे होते तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि हरभरे भिजत घालायला आत गेल्या.