शून्य दराचा हिशेब

आज अर्थशास्त्राची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

मी आज एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. बलाढ्य कंपनी ग्राहकाला सेवा फुकट देत असेल, तर तिला अडवावे का?

हा प्रश्न आपल्या मुंबईतच उभा राहिला होता. 2008 च्या ऑगस्टमध्ये एनएसईने, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराने, चलनाचे वायदे सुरू केले आणि त्यांवर व्यवहार शुल्क घेतलेच नाही. काही आठवड्यांत एमसीएक्स स्टॉक एक्स्चेंज त्याच व्यवसायात उतरले. त्यांनाही शुल्क शून्यावर ठेवणे भाग पडले. एनएसईला ते झेपत होते, कारण शेअर आणि शेअरचे वायदे यांतून तिथे भरपूर पैसा येत होता. नव्या एक्स्चेंजकडे कमाईची तशी दुसरी बाजू नव्हती. एनएसईचे म्हणणे असे की बाजार कोवळा आहे, तो वाढावा म्हणून आम्ही शुल्क माफ केले. हे म्हणणे निराधार नव्हते. तरीही 2011 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने हा वर्चस्वाचा गैरवापर ठरवला आणि 55.5 कोटी रुपयांचा दंड केला. खुद्द आयोगाच्या सदस्यांतही यावर एकमत नव्हते, आणि ती मतभिन्नता मला निकालाइतकीच मोलाची वाटते.

आता दुसरे प्रकरण. सप्टेंबर 2016 मध्ये दूरसंचार कंपनी जिओ आली आणि कित्येक महिने बोलणे व डेटा दोन्ही फुकट मिळाले. प्रतिस्पर्धी एअरटेलने तक्रार केली. 2017 मध्ये आयोगाने ती फेटाळली. कारण सरळ होते: स्पर्धा कायद्याचे कलम 4 वर्चस्वाच्या गैरवापराला लागू होते आणि नव्याने आलेल्या जिओकडे तेव्हा वर्चस्वच नव्हते. मोठे असणे हा आपल्या कायद्यात गुन्हा नाही, मग लहान असताना दिलेली सवलत गुन्हा कशी ठरणार? कायद्याच्या चौकटीत तो निर्णय मला योग्य वाटतो. गावोगावच्या लोकांना स्वस्त इंटरनेट मिळाले, हा लाभही खरा आहे. पण आज ग्राहकसंख्येत जिओ देशात पहिली आहे, आणि खासगी कंपन्यांतली खरी चुरस प्रामुख्याने जिओ आणि एअरटेल या दोघींतच उरली आहे. जिओच्या मागे असलेल्या मातृसमूहाचे बळ बाजारहिश्श्याच्या आकड्यात दिसत नाही. माझ्या मते कायद्याची सर्वांत दुबळी जागा हीच आहे.

शून्य दर एकच, निकाल दोन. याचा अर्थ लावायला अर्थशास्त्रज्ञ ज्यां तिरोल यांचे काम उपयोगी पडते; त्यांना 2014 चे नोबेल बाजारसत्ता आणि नियमन यांच्या विश्लेषणासाठी मिळाले. त्यांनी आणि ज्यां-ज्याक लाफों यांनी एक गोष्ट नेमकी पकडली होती: खर्च किती येतो हे कंपनीला ठाऊक असते, नियामकाला नसते. त्यामुळे सगळ्या उद्योगांना एकच नियम चालत नाही. उदाहरणार्थ, वर्तमानपत्र वाचकाला छपाईखर्चाहून कमी किमतीत मिळते, कारण उरलेला खर्च जाहिरातदार उचलतो. त्यात कुणाला चिरडण्याचा हेतू असेलच असे नाही. म्हणून दर पाहून थांबू नका. बिल कोण भरतो आहे, किती काळ भरू शकेल, आणि प्रतिस्पर्धी निघून गेल्यावर दर कोण ठरवेल, हे विचारा. त्यासाठी जमाखर्च वाचावा लागतो, त्या धंद्यातल्या माणसांशी बोलावे लागते.

तुमच्यातले बरेच जण मोठ्या कंपन्यांत आणि सल्लागार संस्थांत जाल. तिथे पगार चांगला असतो. जा, त्यात काही गैर नाही. पण प्रत्येक सुनावणीत कंपनीच्या बाजूला उत्तम अर्थतज्ज्ञांची रांग आणि आयोगाच्या बाजूला मोजकी माणसे असतील, तर लाफों-तिरोल यांनी दाखवलेली माहितीची दरी रुंदच होत जाईल. तुमच्यातल्या काहींनी तरी आपल्या उमेदीची काही वर्षे स्पर्धा आयोगाला, ट्राय किंवा सेबीसारख्या नियामकांना द्यावीत, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.