विष उतरविणारे जिवाणू

पाणी उकळून प्यावे म्हणजे भय नाही, हा उपदेश घरोघर रुजलेला आहे, आणि पटकी-विषमज्वराच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु २ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतील टोलेडो शहराने नागरिकांना निराळेच बजावले: नळाचे पाणी पिऊ नका, आणि ते उकळूही नका. चार लाखांहून अधिक लोकांवर हा प्रसंग ओढवला. ईरीसारखे अफाट सरोवर उशाशी असून तीन दिवस बाटलीतल्या पाण्यासाठी धावाधाव चालली होती.

याचे मूळ नीलहरित शैवालात होते. नावाने शैवाल, पण वस्तुतः हेही जिवाणूच. शेतांतील फॉस्फरसयुक्त खत मॉमी नदीवाटे सरोवरात उतरते आणि उन्हाळ्यात पाणी तापले की मायक्रोसिस्टिस नावाच्या शैवालाला असा फुलोरा येतो, की पाण्यावर हिरवा रंग ओतल्याचा भास व्हावा. त्याच्या पेशींत मायक्रोसिस्टिन हे विष असते. सात अमिनो आम्लांचे हे बंद कडे उकळत्या पाण्यातही तुटत नाही. उलट पाण्याची वाफ होऊन विषाचे प्रमाण मात्र वाढते. त्याचा घाला यकृतावर पडतो. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू येथे मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त शुद्ध करण्याकरिता वापरलेल्या पाण्यातून हे विष थेट त्यांच्या रक्तात गेले, आणि पन्नासाहून अधिक रुग्ण दगावले.

मोरचूद टाकून शैवाल मारावे, तर मेलेल्या पेशी फुटून आतले विष पाण्यात मोकळे होते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. कोळशाची पूड विष शोषून घेते, परंतु नष्ट करीत नाही.

तोड निसर्गातच होती. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९६ साली स्फिंगोमोनास वर्गातील एका जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्याजवळचे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, विषाचे ते कडे एका जागी छेदते. कडे उलगडून सरळ साखळी झाली, की विषाचा जोर सुमारे १६० पटींनी उतरतो. पुढची विकरे तिचे आणखी तुकडे पाडतात. मात्र असे जिवाणू पाण्यात हवे तेव्हा आणि हवे तितके असतीलच असे नाही. म्हणून त्या विकराचे जनुक एशेरिकिया कोलाय या प्रयोगशाळेतील नित्याच्या जिवाणूत बसविण्यात आले, आणि त्याच्याकडून ते विकर तयार करून घेण्यात आले.

खरा पेच येथेच आहे. असा घडविलेला जिवाणू सरोवरात सोडावा काय? सोडलेला जीव परत बोलावता येत नाही, आणि जिवाणू आपली जनुके शेजाऱ्यांनाही देतात. शिवाय हाच एशेरिकिया कोलाय पाण्यात आढळला, की ते पाणी मैल्याने दूषित झाल्याचे मानतात! पिण्याच्या पाण्यात त्याला मोकळे सोडण्याची कल्पना कोणास रुचेल? जिवाणू बंद हौदातच वाढवावा, त्याच्याकडून विकर तेवढे घ्यावे, ते एखाद्या घन पदार्थावर चिकटवून त्यावरून पाणी वाहू द्यावे, हा मार्ग अधिक शहाणपणाचा दिसतो. विकराला वंश नसतो. काही काळाने ते निकामी होते. वारंवार बदलणे खर्चाचे खरे, पण ते कोठे जाऊन वाढत बसणार नाही, हा लाभ लहान नव्हे.

हे काम अद्याप मुख्यतः प्रयोगशाळेपुरतेच आहे. टोलेडोने पुढे आपल्या जलशुद्धीकरण केंद्रात ओझोनची योजना केली. मॉमी नदीतून खत मात्र अजूनही वाहत येतच आहे.