उभं राहावं की बसावं?

(मंडळाच्या उन्हाळी स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)



माझ्या आधी नाट्यगीतं झाली, माझ्यानंतर जेवण आहे, आणि जेवणात मासे नाहीत. अशा जागी उभं राहून मासेमारीवर बोलायचं म्हणजे अवघडच काम. पण समितीने विषय दिलाय तो त्यांना पडलेल्या प्रश्नामुळे. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या ह्यूस्टनमधल्या निम्म्या घरांच्या गराजमध्ये कॉस्टकोतून आणलेला, हवा भरायचा पॅडलबोर्ड येऊन पडलाय. मुलं त्यावर उभी राहतात, बाबा काठावरून फोटो काढतात, आणि मग मला फोन येतो, "अहो, यावरून मासे पकडता येतात का? की सरळ कयाकच घ्यावी?" मी कयाक अकरा वर्षं वापरतोय आणि बोर्ड चार. तेव्हा जे सांगतो ते हात पोळून घेतलेल्याचं समजा.

भारतातून आलेले आजी-आजोबा बसलेत, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. कयाक म्हणजे अरुंद होडी. पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. पॅडलबोर्ड म्हणजे दहा-अकरा फूट लांब, अडीच-तीन फूट रुंद फळी. तिच्यावर उभं राहायचं आणि एकाच पात्याच्या लांब वल्ह्याने ती पुढे न्यायची.

कयाक ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ते ती करायचे, आणि करायचे ते शिकारीसाठीच. बोर्ड आला हवाईहून. वाइकिकीच्या किनाऱ्यावर लाटांवर खेळायला शिकवणारे लोक विसाव्या शतकाच्या मध्याला वल्हं हातात घेऊन फळीवर उभे राहायचे, आणि २००० नंतर ते लोण जगभर पसरलं. पण फळीवरून मासे धरणं हे काही हवाईचं नवल नाही. आपल्या मद्रासच्या किनाऱ्यावर कोळी ओंडके दोरीने बांधून त्यावरून समुद्रात जातच होते. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणं आणि 'मरम' म्हणजे झाड. इंग्रजीतला कॅटमरान शब्द आला तो तिथून. ओंडक्यांत पाणी भरत नाही, वरून येतं आणि फटींतून निघून जातं, त्यामुळे बुडायचा प्रश्नच नाही.

आणि आता गंमत बघा. आज मासेमारीसाठी जी कयाक आपण घेतो, वर बसायची, तळाला भोकं असलेली, ती मुळात कयाकपासून आलेलीच नाही. १९७१ साली कॅलिफोर्नियात टिम नीमियर नावाच्या माणसाने पाणबुडीचं सामान ठेवायला एक जुना सर्फबोर्ड वरून कोरला. त्यातून पुढे ओशन कयाक ही कंपनी निघाली. म्हणजे ही भांडणारी दोन भावंडं एकाच फळीची!

मी देवगडचा. लहानपणी खाडीत काकांच्या होडीत बसायला मिळायचं, पण अट एकच होती. "होडयेत उभो रवलंस तर तंगडी मोडून हातात देतलंय." त्यामुळे बोर्डवर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा पाण्यापेक्षा काकांचीच भीती जास्त वाटली. दोन मिनिटांत पडलो हे सांगायला नकोच.

मग उभं राहायचंच कशाला? तर दिसतं म्हणून. आपण गॅल्व्हेस्टन बेटावर जातो ते बहुतेक समुद्राच्या बाजूला, वाळूत. बेटाची पाठ, म्हणजे स्टेट पार्कच्या मागची वेस्ट बे, फार जणांनी पाहिलेली नाही. तिथे गवताळ दलदल आहे, कालवांचे खडक आहेत आणि पाणी मैलोन्‌मैल गुडघाभर ते कंबरभर. या पाण्यात रेडफिश चरायला येतो. तांब्याच्या रंगाचा, शेपटीजवळ काळा ठिपका. खाली तोंड घालून चिखलातले खेकडे उकरायला लागला की शेपूट पाण्याबाहेर येऊन हलते. आपल्या घोळीच्या कुळातलाच हा. पोटातल्या हवेच्या पिशवीने ढोलासारखा आवाज काढतो, म्हणून त्याचं दुसरं नाव रेड ड्रम.

कयाकमध्ये बसलं की आपले डोळे पाण्यापासून जेमतेम तीन फुटांवर असतात. पाणी आरशासारखं चमकतं आणि मासा दिसायच्या आधी त्यालाच आपण दिसतो. बोर्डवर उभं राहून, पोलराइज्ड चष्मा लावून तेच पाणी पाहिलं तर तळ दिसतो. बोयचा थवा कुठून कुठे चाललाय, चिखलाचा धूर कुठून उठतोय, पाकट कुठे दबा धरून बसलंय, सगळं दिसतं. शिवाय आवाज कमी. कयाकच्या प्लॅस्टिकवर वल्हं आपटलं की 'ठक्क' होतं आणि चाळीस फुटांवरचा मासा पसार. ज्याने एकदा मासा डोळ्यांनी पाहून त्याच्या पुढ्यात गळ टाकलाय, त्याला नंतर आंधळेपणाने गळ टाकत बसायला जड जातं. माझं तरी तसं झालंय.

उचलायचं गणितही बोर्डच्या बाजूने आहे. माझी मासेमारीची कयाक ऐंशी पौंडांची. गाडीच्या टपावर चढवताना दरवेळी बायको अंगणात येऊन उभी राहते, मदतीला नाही, 'कंबर गेली तर मला सांगू नका' हे सांगायला. बोर्ड पंचवीस पौंडांचा, घडी करून पाठीवरच्या पिशवीत जातो. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना दुसरा मार्गच नाही. मात्र हातपंपाने पंधरा पीएसआयपर्यंत हवा भरा, मग कळेल सकाळचा व्यायाम म्हणजे काय! आणि भरलेला बोर्ड टेक्ससच्या उन्हात गाडीपाशी टाकून चहा प्यायला जाऊ नका, आतली हवा तापून शिवण सुटते. कालवांच्या धारेलाही जपा.

कयाकच्या बाजूने काय? तिच्यात संसार मांडता येतो. बर्फाची पेटी, तीन रॉड, पाणी, डबा. बोर्डवर एक छोटी पेटी मध्यावर बांधायची आणि तीच खुर्ची. मासा लागल्यावर दोन्ही हात रॉडवर असतात, वल्हं कुठे ठेवायचं हा प्रश्न असतो, आणि दहा पौंडांचा रेडफिश बोर्डला कुत्र्याने साखळी ओढावी तसा ओढत नेतो. पण हे सगळं जमवता येतं. जमवता येत नाही तो वारा. उभा माणूस म्हणजे शीड. इतकं साधं आहे, आणि मला ते कळायला काय व्हावं लागलं ते आता सांगतो.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. मुलगी कॉलेजमधून सुट्टीवर आलेली. ती बोर्डवर, मी कयाकमध्ये, सकाळी साडेसहाला स्टेट पार्कच्या मागून पाण्यात उतरलो. पाणी काचेसारखं. ती उभी राहून मला सांगत होती, "बाबा, डावीकडे, तीस फूट," आणि मी गळ टाकत होतो. असा सुखाचा काळ बापाच्या वाट्याला फार येत नाही. नऊच्या पुढे तिलाच मासा लागला. मोठा होता. त्याने तिला गवताच्या कडेवरून उघड्या पाण्यात ओढलं आणि आम्ही दोघं त्या माशाच्या नादात हसत होतो. आग्नेयेचा वारा कधी सुरू झाला ते मला कळलं नाही. खरं म्हणजे कळलं होतं, पण मासा हाताशी आला होता.

गॅल्व्हेस्टनचा हा नेहमीचा वारा. समुद्राच्या बाजूला तो तुम्हाला किनाऱ्याकडे आणतो. बेटाच्या पाठीमागे मात्र तोच वारा तुम्हाला किनाऱ्यापासून दूर, खाडीच्या मध्यावर नेतो. मासा सुटला. ती उभी राहून परत वल्हवायला लागली आणि जागची हलेना. मग मागे सरकायला लागली. मग पडली. पायाला लीश होता, म्हणून बोर्ड गेला नाही. लाइफ जॅकेट? ते बोर्डच्या टोकाला, रबरी दोरीखाली खोचलेलं होतं.

ते तिथे खोचायला मीच सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी तिने विचारलं, "घालायलाच हवं का? फार गरम होतं." मी म्हटलं, "कायद्याने जवळ असलं की पुरे." आणि ते खरंच आहे. कोस्ट गार्डने २००८ मध्ये ठरवलं की पोहण्याच्या आणि लाटांच्या जागा सोडल्या तर पॅडलबोर्ड ही नौकाच. तेव्हा माणशी एक लाइफ जॅकेट बोर्डवर हवं, शिट्टी हवी, अंधार असेल तर दिवा हवा. मोठ्या माणसाने ते अंगात घालावं असं कायदा म्हणत नाही. मी नियम बरोबर सांगितला होता. तिला पोहता येतं, पण उसळत्या पाण्यात एका हाताने बोर्ड धरून दुसऱ्या हाताने जॅकेट चढवताना मी तिला साठ-सत्तर यार्डांवरून पाहिलं. ती दोनदा पाण्याखाली गेली.

मी वाऱ्याबरोबर तिच्यापर्यंत पोचलो, त्याला वेळ लागला नाही. येताना मात्र ती बोर्डवर पालथी पडली, मी तिचा दोर माझ्या कयाकच्या मागे बांधला, आणि जेमतेम मैलभर अंतराला आम्हाला दीड तास लागला. मागे दूर बार्जचा भोंगा ऐकू येत होता. खाडीच्या पलीकडच्या बाजूने मालवाहतुकीचा जलमार्ग जातो, आणि वारा आम्हाला तिकडेच नेत होता. तिची रॉड गेली, पेटी गेली. घरी आठ दिवस कोणी काही बोललं नाही, हेच खरं बोलणं होतं.

नंतर मी कोस्ट गार्डचा २०२३ चा अहवाल वाचला. देशभरात नौकांच्या अपघातात जे मेले, आणि ज्यांच्या मृत्यूचं कारण कळलं, त्यातले ७५ टक्के बुडून. त्या बुडालेल्यांपैकी ज्यांच्या जॅकेटची नोंद आहे त्यातल्या ८७ टक्के लोकांनी ते घातलेलं नव्हतं.

तेव्हा कोणी विचारलं काय घेऊ, तर मी उलट विचारतो, जाणार कुठे? तळं, वळणावळणाचे बायू, गवतातल्या आडोशाच्या जागा आणि सकाळचे पहिले तीन तास असतील तर बोर्ड घ्या, मजा आहे. उघडी खाडी असेल, गुडघे पन्नाशीपुढचे असतील, दिवसभर थांबायचं असेल तर कयाक. एकाची दोन्हीही हौस असेल तर हल्ली इतक्या रुंद कयाक मिळतात की त्यांच्यात उभं राहता येतं. निघण्याआधी हवामान खात्याचा किनाऱ्याचा अंदाज बघा. दहा मैलांच्या वर वारा सांगितला की मी बोर्ड नेत नाही, आणि किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहणारा असेल तर आठलाच बेत रद्द. बोर्डवर असताना वारा उठलाच तर लगेच गुडघ्यांवर बसा, मग पालथे व्हा आणि हातांनी वल्हवा. लाज बाळगू नका. वाहत्या नदीत मात्र घोट्याचा लीश नको, तो झाडाच्या फांदीत अडकला की माणूस पाण्याखाली धरला जातो. तिथे कमरेला बांधायचा, एका झटक्यात सुटणारा लीश मिळतो. आणि कुठे उतरणार, किती वाजता परत येणार हे घरी कागदावर लिहून ठेवा.

सतरा वर्षांपुढच्यांना लायसन्स लागतं, त्यावर खाऱ्या पाण्याची जोड घ्यायची. रेडफिश २० ते २८ इंचांतलाच, माणशी तीन, बाकीचे सोडायचे. हे आकडे बदलू शकतात, दरवर्षी पाहून घ्या. टेक्ससने १९८१ पासून समुद्रातून धरलेला रेडफिश विकायला बंदी केली आहे, त्यामुळे दुकानात मिळतो तो तळ्यात वाढवलेला. म्हणून स्वतः धरलेल्याची चव काही और. खवलं जाड असतात, ती काढायचं काम अंगणातच करा. ओल्या खोबऱ्याचं वाटण, तिरफळं, आमसुलं, आणि तुकडे शेवटी सोडायचे, मोडू द्यायचे नाहीत.

आता प्रश्न विचारा. तो मे महिन्यातला मासा केवढा होता हे तेवढं मला विचारू नका. मुलगी तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि आमच्या दोघांचे आकडे जुळत नाहीत.