सचिवताई दुबईला निघाल्या तेव्हा

आज थोडं घरातलंच बोलणार आहोत.

शिमगा नुकताच झाला होता. आमच्या गटाची महिन्याची सभा संपत आली, बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, आणि सचिवताई रजिस्टर मिटत म्हणाल्या, "माझं एक सांगायचंय. मुलांच्या परीक्षा झाल्या की आम्ही सगळेच दुबईला जातोय."

त्यांचे यजमान सहा वर्षं तिकडे एका गोदामात सुपरवायझर आहेत. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला आखाती देश काही नवे नाहीत. पण आजवर पुरुष जायचा, आणि बाई घर, म्हातारी माणसं, शेत आणि तिकडून येणारा पैसा सांभाळायची. आता पगार वाढला तसं कोणी कोणी बायकामुलांना नेतंय. बाडबिस्तारा उचलून सगळं कुटुंब जाणं ही वेगळी गोष्ट आहे, हे आम्हाला त्या दोन महिन्यांत कळलं.

त्यांच्याकडे सहा वर्षांत साठलेले चार लाख होते. ही बातमी वाडीत कशी पसरली देव जाणे, पण आठवड्यात चार सल्ले घरी चालत आले. एका नातेवाइकाने बारा वर्षांची विमा पॉलिसी आणली. बँकेत गेल्या तर तिथेही एका साहेबांनी दुसरी पॉलिसीच पुढे केली. दीर म्हणाले, हायवेलगत प्लॉट घेऊन टाका. तिकडच्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, पैसे हुंडीने पाठवू, दर चांगला मिळतो. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पैसे हाताशी ठेव गो."

आम्ही सगळ्या जरा गप्प झालो, कारण आम्हाला शेजारच्या वाडीतलं कुटुंब आठवत होतं. तीन वर्षांपूर्वी तेही असेच गेले. जाताना साठ हजारांचा वार्षिक हप्ता असलेली पॉलिसी घेतली, उरलेले पैसे प्लॉटच्या विसाराला दिले. दहाव्या महिन्यात त्यांची नोकरी गेली. पॉलिसीचा एकच हप्ता भरलेला, त्यामुळे हातात काही आलं नाही. विसार बुडाला. परतीची तिकिटं काढायला त्या बाईने मंगळसूत्र सोडून सगळे दागिने सोनारतारणावर ठेवले. त्या आज आमच्याच गटात आहेत आणि ही गोष्ट सांगायला त्यांनीच आम्हाला परवानगी दिली.

म्हणून सभेत ठरलं की सचिवताईंनी एकटीने काही सही करायची नाही, आम्ही दोघीजणी बरोबर जाणार. आणि जो सल्ला देईल त्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: यातून तुम्हाला काय मिळतं? विचारायला लाज वाटते, पण विचारायचं. पॉलिसी विकणाऱ्याला कमिशन असतं, म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरकालाही असतं. त्यात चूक काही नाही, पण तो विक्रेता आहे, सल्लागार नव्हे. जो फक्त सल्ल्याची फी घेतो, त्या गुंतवणूक सल्लागाराची सेबीकडे नोंदणी लागते. त्याचा नंबर आयएनए या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. वितरकाचा नंबर एआरएन असतो. कार्ड हातात आलं की आधी ही अक्षरं बघायची.

आता खरं सांगायचं तर असे सल्लागार आपल्या तालुक्याच्या गावी सहज सापडत नाहीत. मग आम्ही काय केलं? आधी आर्थिक साक्षरता केंद्रात गेलो. अग्रणी बँकेची अशी केंद्रं असतात, तिथे पैसे लागत नाहीत. तिथून कळलं की कोणते प्रश्न बँकेत विचारायचे आणि कोणते सीएला. मग एका सीएकडे तासभर बसलो, त्यांनी दीड हजार घेतले. सचिवताईंना ते जड वाटले, पण साठ हजारांच्या हप्त्यापुढे दीड हजार काय?

त्या तासात आम्ही वहीची सहा पानं भरली. नोकरीसाठी किंवा कुटुंबासह राहायला परदेशी गेलेल्या माणसाचं इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. फेमा कायद्याप्रमाणे ते बँकेला कळवून एनआरओ करून घ्यावं लागतं. घरभाडं, शेतीचं उत्पन्न, असा इथला पैसा त्यात जातो, आणि त्याच्या व्याजावर बँक ३० टक्क्यांहून थोडा जास्तच कर कापते. रिटर्न भरून जास्तीचा परत मागता येतो. तिकडची कमाई पाठवायला एनआरई खातं, त्याच्या व्याजावर इथे कर नाही. यजमान सहा वर्षं तिकडे, आणि त्यांचं खातं अजून साधंच! अशी किती खाती आपल्या वाड्यांत असतील.

पीपीएफ चालू असेल तर मुदत संपेपर्यंत चालवता येतं, नवीन काढता येत नाही. सुकन्या समृद्धी खातं भारतात राहणाऱ्या मुलीसाठी असतं, त्यामुळे जाण्याआधी पोस्टात लेखी कळवून पुढचं विचारायचं. शेतजमीन आहे ती राहते, वारसानेही येऊ शकते, पण परदेशी राहणाऱ्याला नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. सीएने विचारलं, प्लॉट बिनशेती आहे का? दिरांना फोन लावला, तर सातबारा शेतीचाच. तो विषय तिथेच मिटला. हुंडीचं नाव काढताच त्यांनी हात जोडले. तो मार्ग बेकायदेशीर आहे, आणि पैसे बुडाले तर तक्रार तरी कुठे करणार?

दुबईचा हिशेब मात्र यजमानांनाच फोनवर बसवून करायला लावला. तिथे पगारावर आयकर नाही, हे सगळे कौतुकाने सांगतात. घरभाडं पुढच्या तारखांचे चेक देऊन आगाऊ द्यावं लागतं, हे कोणी सांगत नाही. दोन मुलांची फी, बायकोमुलांचा आरोग्य विमा हेही त्यांच्याच खिशातून. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते. मूळ पगार, भत्ते धरून नव्हे. करारपत्र काढून पाहिलं तर मूळ पगार निम्म्याहून थोडाच जास्त. आणि कुटुंबाचा व्हिसा त्यांच्या नोकरीवर. नोकरी गेली तर सगळ्यांचाच प्रश्न.

मग चार लाखांपैकी अडीच लाख बँकेत मोडता येणाऱ्या ठेवीत ठेवले, सहा महिन्यांचा घरखर्च आणि चार परतीची तिकिटं धरून. म्हणजे सासूबाई म्हणाल्या तेच! आम्ही दीड हजार देऊन तेच ऐकून आलो, असं म्हणून त्या अजून हसतात.

ज्यांच्या घरातलं कोणी पहिल्यांदाच जाणार आहे त्यांच्यासाठी एक. भरती एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघा. त्याला ३० हजार आणि जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही, आणि पावती मागायचीच.

राहिलं आमच्या गटाचं. सचिवताईंनी गटाचं बावीस हजारांचं कर्ज फेडलं, आपली बचत हिशेबाने घेतली. पण बँकेतली सही त्यांचीच होती! त्या विमानात बसल्या असत्या तर आमचं खातं अडकलं असतं. निघायच्या आठ दिवस आधी ठराव लिहिला, अध्यक्ष आणि नवीन सचिव दोघींचे फोटो, आधार घेऊन बँकेत गेलो, आणि दोन हेलपाट्यांत सही बदलली.

परवा त्यांचा फोन आला होता. धाकट्याच्या शाळेत फीशिवाय बसचे पैसे वेगळे निघाले, ते वहीत लिहून घ्या म्हणाल्या. सातव्या पानावर लिहिलंय.